सतरा नंबरची काच

४ जुलै

मावशी,

वाकून नमस्कार. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. आईने सांगितलंच असेल, मला तुझ्याच कॉलेजात नोकरी लागली. तुझ्या जुन्या लॅबच्या बरोबर वरच्या मजल्यावर बसते. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर कसा टाळायचा आणि वेळेत कसा पकडायचा, ते शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. लस, तपासण्या, सगळं. विभागप्रमुख म्हणाले, "सोपा विषय आहे." सोपा म्हणजे कुणालाच नको असलेला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

परवा मंगळवारी पहिलं प्रॅक्टिकल झालं. कपाट उघडलं तर समोर तुझी पेटी! चाळीस खाचांची, लाकडी. झाकणाच्या आत तुझ्या टपोऱ्या अक्षरातली यादी आणि खाली तंबी: 'स्लाइड कडेने धरा. तुमची बोटं पुसायला मी बसलेली नाही.' मुलं हसली. मला मात्र भरून आलं.

यादीत लिहिलंय, '१७, नॉर्मल. आधी ही दाखवावी.' काचेच्या कडेलाही '१७ नॉ' असं कोरलेलं. म्हणून पहिल्या टेबलावर ती लावली. तेवीस मुलं रांगेने बघून गेली. सगळ्यात शेवटी एक चष्मेवाली मुलगी आली ती डोळा काढेचना. मग म्हणाली, "मॅडम, हे नॉर्मल आहे?" मी म्हटलं, "यादीत तसं आहे." तर म्हणते, "यादीत आहे, पण पेशींत नाही."

आगाऊ कार्टी, असं मनात म्हणत मी वाकून पाहिलं. पेशी मोठ्या, पसरट, आणि मधला न्यूक्लियस बारीक ठिपक्याएवढा, असं दिसायला हवं होतं. इथे ठिपके फुगलेले होते, कडा वेड्यावाकड्या. काहींच्या भोवती पांढरं रिकामं वर्तुळ. विषाणू आत शिरला की दिसतं ते.

विभागात दर वर्षीचं सगळ्यात चांगलं जर्नल जपून ठेवतात. मी बावीसच्या बावीस काढून टेबलावर मांडली. प्रत्येकात पहिलं चित्र सतरा नंबरचंच आहे. पहिल्या वर्षीचं जवळजवळ चोख. मग पाच-सहा वर्षांनी पेन्सिलीने काढलेलं एखादं पांढरं वर्तुळ. मग दोन. मग ठिपके मोठे. मास्तरांनी प्रत्येक चित्राखाली 'नॉर्मल, छान' असा शेरा मारलाय.

मावशी, ही काच कुणाची? ती बाई असेल तर आज कुठेतरी हिंडतफिरत असेल, आणि तिला कुणी काहीही सांगितलेलं नाही. तिला शोधायला हवं.

तुझी
ठकू


१२ जुलै

ठकू,

पत्र पावलं. अक्षर तुझ्या बापाचं घेतलंस, मुंग्या मेल्यासारखं. पुढच्या वेळी ओळ सोडून लिही.

मुलांच्या चित्रकलेवरून निदान करायला निघालीस? मी तीस वर्षं मुलांची जर्नलं बघितली. एकाने न्यूक्लियसला डोळे काढले होते. कुणाची पेन्सिल बोथट, कुणी शेजाऱ्याचं बघून काढलेलं. त्यावर जाऊ नकोस.

आणि काचेचं म्हणशील तर नीट ऐक. काचेवरचं सगळं मेलेलं असतं. अल्कोहोलमध्ये बुडवलं की संपलं. वर रंग, वर पातळ काच चिकटवलेली. वीस-बावीस वर्षांत एकच गोष्ट होते, रंग फिका पडतो. रंग उडतो, चढत नाही. तुला गडद दिसलं असेल तर तुझा दिवा मोठा होता किंवा भिंग मळलेलं होतं. पुसायचा कपडा सुती घे.

ती कुणाची होती ते आता कुठे आठवणार? कुणीतरी बाई असेल, गेली असेल बदली होऊन. नमुन्यांची वही रद्दीत गेली.

तुला शिकवायचंच आहे तर दुसरं शिकव. पोरांना सांग, तपासणीचं हत्यार आधी कोमट पाण्यात बुडवा, गार लावू नका. आणि तोंड बंद ठेवून काम करू नका. टेबलावर झोपलेल्या बाईला छताशिवाय काही दिसत नसतं. आता काय करतो, मग काय करणार, ते बोलत राहिलं की तिचे पाय आपोआप सैल पडतात. पुस्तकात हे कुठेही लिहिलेलं नाही.

माझं ठीक आहे. हल्ली कंबर धरते, म्हणून भाजी दारावरच घेते. बाकी काही नाही.

मावशी


२० जुलै

मावशी,

कोमट पाण्याचं सांगितलं. एक मुलगा वहीत लिहून घ्यायला लागला तेव्हा मी त्याला म्हटलं, लिहू नकोस, लक्षात ठेव.

भिंग पुसलं, सुती कपड्याने. दिवा बारीक केला. आणि चित्रांचा भरवसा मलाही नव्हता, म्हणून तुझं पत्र यायच्या आधीच मायक्रोस्कोपला कॅमेरा लावला होता. काच ठेवायच्या पट्टीवर आकडे असतात ना, ते लिहून ठेवले, म्हणजे पुन्हा नेमकी तीच जागा सापडेल. नऊ तारखेला फोटो घेतला. सोळा तारखेला त्याच आकड्यांवर पुन्हा घेतला. तीच पेशी, तिच्या कोपऱ्याला तीच घडी. पण नऊ तारखेला तिचा ठिपका एका बाजूला होता, आणि सोळा तारखेला त्याने अर्धी पेशी व्यापली होती.

मला खरंच भीती वाटली. मी शिकलेली बाई आहे, चार लोकांत शहाणी म्हणून वावरते. तरी ती काच परत पेटीत ठेवताना मी हातरुमाल घेतला.

नमुन्यांची वही रद्दीत गेलेली नाही, मावशी. तुझ्याच टेबलाच्या खालच्या खणात होती. सतरासमोर नाव नाही. लिहिलंय, 'वय ४१, मुलं दोन, स्टाफ.' म्हणजे बाई आपल्यातलीच! इथल्या जुन्या कारकुनाला विचारलं, तर तेव्हा विभागात बायका तीनच होत्या. मोठ्या सिस्टर, टायपिस्टबाई आणि तू. तू तेव्हा तिशीत असशील, मला तू कायम तिशीतलीच आठवतेस, माझ्या वेण्या ओढून घालणारी. टायपिस्टबाईंना मूलबाळ नव्हतं म्हणे. म्हणजे मोठ्या सिस्टर. त्या निवृत्त होऊन कुठे गेल्या? पत्ता दे, फोन नंबर दे, काहीही दे. मी स्वतः जाऊन त्यांच्या दारात बसेन. अजून वेळ असेल तर एवढ्याशा उपचारात निभावेल, हे मी दर आठवड्याला फळ्यावर लिहिते. ते फळ्यावरच राहिलं तर माझ्या शिकवण्याला काय अर्थ आहे?

ठकू


३१ जुलै

ठकू,

मोठ्या सिस्टर देवाघरी गेल्या, त्याला अकरा वर्षं झाली. हृदयविकाराने गेल्या. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

ती काच फोडून टाक. पेटीत दुसरी ठेव. वर्षानुवर्षं तेच तेच कशाला दाखवायचं?

एक विचारते, खरं सांग. काल, मंगळवारी, अकरा ते एक ती काच दिव्यावर होती का? आणि शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला, थोडाच वेळ?

मला कसं कळलं ते विचारू नकोस. फक्त हो की नाही ते कळव.

मावशी


७ ऑगस्ट

मावशी,

हो.

मंगळवारी अकरा ते एक, आणि शनिवारी चारला. मंगळवारचा तास फळ्यावर लिहिलेला असतो, तो कुणालाही कळेल. पण शनिवारी दुपारी इमारतीत मी एकटी होते. दार आतून लावलं होतं. दिवा लावला, पाच मिनिटं पाहिलं, घाबरून बंद केला. हे मी नवऱ्यालासुद्धा बोलले नव्हते.

तुझं पत्र हातात घेऊन मी जिन्यातच बसले. मग आईला फोन केला आणि इकडचंतिकडचं बोलता बोलता तुझं वय विचारलं. आई म्हणाली, "त्रेसष्ट. का गं?" त्रेसष्टातून बावीस गेले, मावशी. एक्केचाळीस. मुलं दोन.

मी तुझ्यावर इतकी चिडले आहे की काय लिहू. मी तुझ्याकडे पत्ता मागत होते! 'त्या बाईच्या दारात बसेन' असं तुलाच लिहीत होते, आणि तू मला भिंग पुसायचा कपडा सांगत होतीस. कंबर धरते म्हणालीस. नुसती कंबरच का? खरं सांग, रक्त जातंय का? पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर एक थेंब गेला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते, आणि मी शिकायच्या आधी ते तू मला शिकवलं होतंस.

ये. मी रजा काढते, तुला घ्यायला येते. हात धरून नेईन. तपासणी पाच मिनिटांची आहे, तुला मी काय सांगू?

आणि एक सांग. त्या काचेवर 'नॉर्मल' असं लिहिलं कुणी? ती कुणी वाचली तरी होती का?

तुझीच
ठकू


२४ ऑगस्ट

ठकू,

घ्यायला येऊ नकोस. आलीस तर दार उघडणार नाही. आधी सगळं लिहिते, मग चीड.

आमच्यात एक पद्धत होती. पेटीतली नॉर्मल काच फुटली की नवी आम्हीच द्यायची, तिघींपैकी कुणीतरी. पेशंट बायकांकडे पोरांसाठी म्हणून कशाला मागायचं, त्या आधीच अवघडलेल्या. त्या वर्षी द्यायची पाळी माझी होती. दुसऱ्या दिवशी वर्ग होता. मोठ्या सिस्टरांनी पडद्यामागे नमुना घेतला, मी उठून तोच रंगवायला नेला. काच रंगात जायच्या आधी हिऱ्याच्या टोकाच्या पेन्सिलीने नंबर कोरायचा असतो, कारण कागदाची चिठ्ठी रंगात सुटते. मी सतरा कोरलं. आणि हात चालताच होता, तर पुढे 'नॉ' पण कोरून टाकलं. नॉर्मल हवी होती, माझी होती, मी धडधाकट होते. रंग सुकतो न सुकतो तोच काच वर गेली.

दुसऱ्या बाईला नॉर्मल म्हणायच्या आधी मी तीनतीनदा बघायची आणि डॉक्टरांची सही घेतल्याशिवाय काच खणात टाकायची नाही. माझी कुणीच वाचली नाही. मीपण नाही. काचेवर कोरलेलं खोडता येत नाही, ठकू. दर वर्षी पोरं कोरलेलं वाचायची आणि तेच बघायची. तुझी ती चष्मेवाली पहिली, जिने आधी पेशी बघितल्या आणि मग अक्षर.

आता दुसरं. हे मी तुझ्या काकांनाही सांगितलं नव्हतं. त्या पहिल्या मंगळवारी मी खाली लॅबमध्ये बाटल्या धूत होते. अकराला ओटीपोटात ऊब आली, आत कुणी दिवा लावावा तशी. लागली, गेली. पुन्हा लागली, गेली. मी आपली मोजत राहिले. पंचवीस झाल्या आणि थांबलं. दुपारी वर जाऊन हजेरी विचारली, तर पंचवीस पोरं. तेव्हापासून दर वर्षी. मला कॅलेंडर बघावं लागलं नाही की कॉलेज कधी उघडलं.

निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात मी ती काच पहिल्यांदा भिंगाखाली घेतली. बघताबघता आत ऊब होती, म्हणजे मीच मला बघत होते. ती पांढरी वर्तुळं दिसली. तीस वर्षं मी ती दुसऱ्यांच्या काचेवर ओळखली होती. मी काच पेटीत ठेवली, पेटी कपाटात ठेवली आणि निरोप समारंभाला गेले.

का, ते विचारशील. तुझ्या काकांना मी त्याच इस्पितळात सात महिने पाहिलंय. कुठल्या खाटेवर काय होतं ते मला पाठ आहे. ज्याला माहीत नसतं तो निदान आशेने जातो.

आणि हो. जातंय, रक्त. चार महिने झाले. आणि आता ऊब नसते, चटका बसतो. तेवढी ती काच दिव्यावर ठेवू नकोस, एवढंच मागते. मी येणार नाही.

मावशी


३० ऑगस्ट

मावशी,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तीन वेळा रडले. मग तोंड धुऊन वर्गात गेले.

मुलांना सगळं सांगितलं. तू कोण ते नाही सांगितलं, आणि दिव्याचंही नाही. एवढंच सांगितलं की ही काच बावीस वर्षं चुकून नॉर्मल म्हणून दाखवली गेली, बाई जिवंत आहे, तिला सगळं समजतं आणि ती तपासायला जात नाही. तिला काय सांगाल? मग सगळे बोलायला लागले. एकजण आकडे सांगायला लागला, किती वाचतात, किती नाही. मी म्हटलं, आकडे तिनेच गोळा केलेत. चष्मेवाली हात वर करून म्हणाली, "मॅडम, तुम्ही स्वतः कधी केलीत?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. मी चौतीस वर्षांची आहे, मावशी. चार वर्षांपूर्वीच करायला हवी होती. करेन करेन म्हणत राहिले. मी खरं ते सांगितलं. नाही केली.

त्याच दिवशी खाली गेले. त्याच पडद्यामागे झोपले, आता तो निळा आहे. नवी सिस्टर गप्प राहून काम करायला लागली तेव्हा म्हटलं, बाई, बोला काहीतरी. छतावर पाण्याचा एक डाग आहे, तो तुझ्याही वेळी होता का? अवघडल्यासारखं झालं, पण दुखलं नाही. पाच मिनिटं.

आता तुझं. काकांना जे झालं त्याचा पत्ता लागला तेव्हा ते सगळीकडे पसरलं होतं. तुझं अजून काचेएवढ्या जागेत आहे की नाही, ते मला माहीत नाही, तुलाही नाही. बघितल्याशिवाय कळणार नाही. तू भितेस ते मला समजतं. मलाही भीती वाटते, तू जाशील याची.

म्हणून मी काय करणार आहे ते ऐक. वाईट आहे, मला माहीत आहे. तू नको म्हणालीस तेच करणार आहे. सोमवारपासून रोज, रविवारीसुद्धा, अकरा वाजता मी सतरा नंबर दिव्यावर ठेवणार आणि एक वाजता काढणार. तू दवाखान्यात जाईपर्यंत. मला शिव्या घाल, दार लावून बस, माझी पत्रं फाड. पण अकरा वाजता तुला कळेल की मी इथे बसले आहे आणि तुझ्याकडे बघते आहे.

ठकू


१९ सप्टेंबर, गुरुवार

मावशी,

फोन उचल. काल संध्याकाळपासून वीस वेळा लावला. आईलाही माहीत नाही तू कुठे आहेस. शेजारच्या बाई म्हणतात, काल सकाळपासून कुलूप आहे.

आज अकराला दिवा लावला. चष्मेवाली हल्ली रोज येते, मी काही विचारत नाही, तीही विचारत नाही. ती बघत होती. अकरा वाजून वीस मिनिटांनी तिने मान वर केली आणि म्हणाली, "मॅडम, काच रिकामी आहे."

मी पाहिलं. एकही पेशी नाही, मावशी. वरची पातळ काच जशीच्या तशी चिकटलेली, कडेला एक चीरसुद्धा नाही. सतरा आणि 'नॉ' कोरलेलं आहे. मधे काहीच नाही. स्वच्छ, आरपार.

याचा अर्थ काय घेऊ? पत्र मिळताक्षणी दोन ओळी लिही. एक ओळ लिही. मी उद्या निघते आहे.

ठकू


२३ सप्टेंबर

ठकू,

जिवंत आहे. आधी श्वास घे.

तू कुलूप बघून परत गेलीस म्हणे. मी तुझ्यापासून वीस मिनिटांवर होते, इथल्याच सरकारी दवाखान्यात. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्या येऊन खाटेभोवती उभ्या राहिला असता.

रोज अकरा वाजता तू मला छळलंस. पहिला आठवडा मी दात-ओठ खाऊन काढला. भांडी घासत असेन, अकरा वाजले की हातातलं खाली ठेवून बसायची. पण चटका बसायचा तसा एक भरवसाही वाटायला लागला. हे लिहायला लाज वाटते. काका गेल्यावर घरात मला रोज ठरल्या वेळी कुणी बघत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी अकराला मी घराबाहेर पडले ती थेट केसपेपरच्या रांगेत उभी राहिले.

डॉक्टरीण लहान आहे, तुझ्याहून लहान. मी कोण ते सांगितलं नाही. तिने आधी हत्यार कोमट पाण्यात बुडवलं. मी विचारलं, कुठे शिकलीस हे? म्हणाली, "आमच्या कॉलेजात एक लॅबवाल्या मावशी होत्या." मी छताकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं ते तिला वाटलं दुखतंय.

तुकडा काढून तपासायला पाठवला होता. आलं ते वाईट होतं, पण अगदी कडेशी थांबलेलं. कड ओलांडली नव्हती. म्हणाली, अजून वर्षभर घरी बसला असतात तर मी वेगळं बोलले असते. गुरुवारी तारेच्या वळ्याने तेवढा भाग कापून काढला. वय बघून दोन दिवस ठेवून घेतलं. काढलेल्या भागाच्या कडा साफ आहेत की नाहीत, तो रिपोर्ट यायचाय.

गुरुवारी मी जागी होते. अकराला तुझा दिवा लागला, आणि टेबलावर पडल्या पडल्या मी म्हटलं, बघ बाई, आज नीट बघ. समोर घड्याळ होतं. अकरा वाजून वीस मिनिटांनी दिवा गेला. मला वाटलं तू विझवलास. तू विझवला नव्हतास तर ते मला समजावायला जाऊ नकोस, मी समजून घेणार नाही.

तीस वर्षं काचा रंगवल्या. तुला सांगितलं होतं ना, काचेवरचं सगळं मेलेलं असतं. ते वाक्य माझं मला परत कर.

मावशी


९ ऑक्टोबर

मावशी,

परत केलं.

तुझा रिपोर्ट आईने फोनवर वाचून दाखवला. कडा साफ! आई वाचत होती आणि मी इकडे कपाटाला डोकं टेकून उभी होते. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं आहे, ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवलंय. तू टाळलंस तर माझ्याकडे आता दिवा नाही, पण मी दारात येऊन बसेन, हे नक्की.

तुझी कोरी काच मी फोडली नाही. कापसात गुंडाळून माझ्या खणात ठेवली आहे. ती कुणाला दाखवायची नाही.

माझा रिपोर्टही आला. दोन डॉक्टरांनी वेगवेगळा वाचला, दोघांनी सही केली, नॉर्मल. मग मी खाली लॅबमध्ये गेले, तुझ्या जागेवर बसले आणि हिऱ्याच्या टोकाची पेन्सिल मागून घेतली. नंबर आधीच कोरलेला होता. 'नॉ' मी सह्या झाल्यावर कोरलं. पेटीतली सतराची खाच रिकामी होती, तिच्यात ती ठेवली. झाकणातल्या तुझ्या यादीखाली एक ओळ वाढवली आहे: 'आधी वाचा, मग कोरा.'

काल मंगळवार होता. तेवीस मुलं होती. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते, तिशीनंतर दर तीन वर्षांनी, काही होत नसलं तरी. पाठीमागे पहिल्या टेबलावर कुणीतरी दिव्याचं बटण दाबलं.

मावशी, तू लिहिलं होतंस तशीच.

खडू हातात तसाच राहिला. लागली, गेली. लागली, गेली. मी वळले नाही. फळ्याकडे बघत मोजत राहिले. कुणी घाईत बघून जात होता, कुणी नीट थांबत होता, ते मला पाठमोरी असूनही कळत होतं. बावीस झाल्या.

तेविसावी जाईना. मला न बघता कळलं की कोण आहे. ती आधी पेशी बघत असणार, मग अक्षर. एवढा वेळ कुणी घेतला नव्हता. मी फळ्याचा काठ धरून उभी राहिले आणि मला तुझी ती सगळी वर्षं आठवली, खाली बाटल्या धुताना एकटीने मोजलेली.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ऊब गेली.

"नॉर्मल आहे, मॅडम," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षी मी परत येऊन बघेन."

तुझी
ठकू